मशीन थांबलं की

"काकूंसमोर नीट बोलायचं हां! 'जाळ' नाही, 'राडा' नाही, 'विषय हार्ड' नाही. आणि 'मेलो' तर चुकूनसुद्धा नाही!"

जिन्यात उभं राहून हे बजावणारी होती सायलेन्सर. पूर्ण नाव 'फुटका सायलेन्सर'. का, ते विचारायला नको. तिची कुजबुज दोन मजले ऐकू जायची. दाराआड उभ्या असलेल्या शिवणकाकूंनी शब्द न् शब्द ऐकला. कडीवरचा हात तिथेच राहिला.

लेक गेल्यापासून त्याचे तिघं मित्र आज पहिल्यांदाच घरी येत होते. काकू सकाळपासून वाट बघत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना पोरांना बघायचं नव्हतंच, ऐकायचं होतं. लेकाचा फोटो होता, कपडे होते, पण त्याचा आवाज कानांतून निसटत चालला होता. तो कसा बोलायचा हे आठवायला जावं, तर स्वतःचंच ओरडणं आठवायचं. या तिघांच्या बोलण्यात तरी तो सापडेल, एवढ्याच आशेवर त्या होत्या.

आणि ही कार्टी नेमकी आजच सभ्य होऊन आली होती!

तिघं पलंगावर रांगेत बसली. ताडमाड अँटेना एरवी घरभर पाय पसरायचा, आज त्याने गुडघे जुळवून घेतले होते. बटणच्या शर्टाचं एक ना एक बटण कायम तुटलेलं असायचं आणि ते काकूच लावून द्यायच्या. आज त्याने गळ्यापर्यंत बटणं लावली होती.

"चहा कसा झालाय?"

"उत्तम झाला आहे, काकू," अँटेना म्हणाला.

उत्तम म्हणे! काकू साखर घालायलाच विसरल्या होत्या. हाच अँटेना पूर्वी पहिल्या घोटाला ओरडायचा, "काकू, चहा बाप!" काकू म्हणायच्या, "चहा बाप, मग मी कोण रे?" आणि आतून लेकाचा आवाज यायचा, "आई, तू जाळ!"

जाळ म्हणजे चांगलं, खतरनाक म्हणजे त्याहून चांगलं, आणि हसून पोट दुखायला लागलं की 'मेलो'. सगळाच उलटा कारभार. काकू त्यांच्याकडे पाठ करून मशीनवर बसलेल्या असायच्या. असला शब्द कानावर पडला की पायडलवरचा पाय थांबायचा आणि मान न वळवता त्या ओरडायच्या, "भाषा!" मशीन थांबलं की पोरं गप्प. मशीन सुरू झालं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"काय रे, मॅच जिंकल्यावर तुम्ही काय ओरडायचात? अख्खी गल्ली गोळा व्हायची." काकूंनी खडा टाकून पाहिला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्हाला आनंद व्हायचा, काकू," बटण म्हणाला.

याला जवळ घ्यावं की दोन फटके द्यावेत, काकूंना कळेना. गुणाची पोरं. आपल्याला लागू नये म्हणून तोंडाला कुलूप लावून आलेली. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाळांनो, तुमच्या या शहाणपणाने माझं घर आणखीच ओस पडलंय?

बटणने पिशवीतून पॅन्ट काढली. "काकू, ही खालून थोडी कमी करायची होती. म्हणजे, तुम्हाला जमलं तरच."

पॅन्ट त्याला अगदी बरोबर बसणारी होती. हे निमित्त आहे, हे न कळायला काकू काही कालच्या नव्हत्या. तरी त्या उठल्या. मशीनवरची चादर लेक गेल्यापासून कोणी काढली नव्हती. ती काढली, दोरा ओवला, पॅन्ट दुमडली आणि पायडलवर पाय ठेवला.

त्यांना उजेड हवा म्हणून अँटेना खिडकी उघडायला उठला आणि त्याचं डोकं माळ्याला आपटलं. दर वेळी आपटायचं, अगदी तिथेच. माळ्यावरचं चिंध्यांचं बोचकं सुटलं आणि बरोब्बर बटणच्या डोक्यावर रिकामं झालं. बटण ढिम्म बसलेला. एका कानावर झग्याची बाही लोंबतेय, चहाच्या कपात अस्तराचा तुकडा, आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "काही हरकत नाही, काकू."

सायलेन्सरने ओठ दाबले. नाक दाबलं. पण फुटका सायलेन्सर तो, किती दम धरणार?

"अरे काय राडा! मेले! मेले मी!"

मशीन थांबलं.

"भाषा!"

काकूंच्या तोंडून गेलं. मान न वळवता.

सायलेन्सरने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "काकू, सॉरी. मी आज तरी असं म्हणायला नको होतं..."

'भाषा!' झालं की आतल्या खोलीतून लेकाचं ठरलेलं उत्तर यायचं, "आई, चिल!" आज ते आलं नाही. पण येण्याच्या जागी, त्याच आळसावलेल्या आवाजात, 'आई'वर तेवढंच लांबत, ते काकूंच्या कानांत वाजलं. इतके दिवस शोधून जे सापडलं नव्हतं, ते असं एका क्षणात. त्यांची पाठ गदगदत होती. हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने त्यांनी मनगटाने डोळे पुसले, पॅन्ट सुईखाली नीट सरकवली आणि मशीन सुरू केलं. मागे कोणी बोलेना.

"गप्प का बसलात रे?" मान न वळवताच त्या म्हणाल्या. "बोला की. ओरडायला मी बसलेय ना इथे."