चमचा पक्ष्याची मान

हेही स्थळ बुद्धप्रियानं नाकारलं, तसे आनंदराज पुरते वैतागले. घरात सगळ्यांसमोर तमाशा नको, म्हणून लेकीला पक्षी बघायच्या निमित्तानं चाकूरच्या तळ्यावर घेऊन आले आणि काठावर पाय ठेवताच सुरू झाले.

"मास्तर नको, इंजिनिअर नको. पाहुणे हसून राहिले मला!"

बुद्धप्रिया दुर्बिणीतून चमचा पक्षी बघत होती. रुंद, चपटी चोच पाण्यात बुडवून तो सारखी मान हलवत होता, इकडून तिकडं.

"पप्पा, हा कुणाला नको म्हणून राहिला?"

"नको कशाला म्हणंल? उघडी चोच चिखलातून फिरवून शोधून राहिला तो. मनासारखं काही लागलं, की मिटतो गपकन!"

"हाव का? मग त्याचा बाप काठावरून ओरडत न्हाई वाटतं?"