उघडी मान

मानेवरच्या मलमपट्टीच्या कडेला कातडी उन्हानं चुरचुरली तसा हसुराम ओरडला, "चला सावलीला!" मिठागरात राबणाऱ्या त्याच्या दोन्ही तरण्या मुलांनी फावडी टाकली. जन्मतःच कवचाचे थेंब पाजलेल्या त्या दोघांना ऊन कधी भाजतच नसे. सनस्क्रीनची ट्यूब त्यांनी पाहिलीही नव्हती. पण कवच चटका थांबवतं, उष्मा नाही. शेजारचा धडधाकट विलास असाच भर दुपारी, काही न कळता, मिठात कोसळला तो मेलाच. तेव्हापासून ऊन चावलं की बाकीच्यांना हाक द्यायला गावात घरटी एक माणूस बिनकवचाचं ठेवायची रीत पडली. या घरात तो हसुराम.

घरी नर्सबाई तान्ह्या नातीसाठी थेंब घेऊन आल्या होत्या. सून रसिका मात्र बाळाला पदराआड धरून बसली होती. सासऱ्याच्या मानेवरची उन्हानं झालेली गाठ नुकतीच कापली होती. डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलं होतं.

"आबा, हिलाही पाजले, तर तुमच्यामागं ह्यांना सावलीला कोण बोलावणार?"

हसुरामनं नातीच्या इवल्या मानेवरून बोट फिरवलं.

"पाजा बाई," तो म्हणाला. "मी आहे अजून."

मग ऊन नीट लागावं म्हणून त्यानं मानेची पट्टी सोडली आणि फावडं उचललं.