काचेवरचा डाग

लोरेटाने ऑर्विलला तिसऱ्यांदा बोलावलं. काचेच्या भिंतींची ती वाइनची खोली त्यानेच बांधली होती. डॉक्टरांनी वेंडेलची, तिच्या नवऱ्याची, दारू बंद केली तोवर काचा येऊन पडल्या होत्या. मग खोली पुरी झाली, आणि किल्ली लोरेटाने गळ्यात घातली.

"रोज सकाळी काच धुरकट होते. गारवा बाहेर गळतोय का रे?"

"एवढ्याशा डागाचं काय घेऊन बसलीस!" वेंडेल स्वयंपाकघरातून ओरडला.

ऑर्विलने काच निरखली. "गळती असती तर कडांना बाष्प धरलं असतं, मॅडम. हे मधेच आहे, आणि बाहेरून. वर कपाळाचा तेलकट ठसाही आहे. इथे कुणीतरी काचेला टेकून उभं राहतं."

लोरेटाने मान वर करून पाहिलं. ठसा तिच्या डोक्याच्या वीतभर वर होता.

स्वयंपाकघरात वेंडेलने घाईघाईने रुमालाने कपाळ पुसलं.