थंड चुलीचं घर

मदतीचं ड्रोन सलग तिसऱ्या दिवशी नागोजीच्या घरावरून निघून गेलं. पुरानं वेढलेल्या गावात ते पेटलेली चूल हेरून शिधा टाकायचं, आणि बायको, अंजनाबाई, गेल्यापासून सुतकात नागोजीची चूल थंड होती.

शेजारची राही गच्चीवरून ओरडली, "भावजी, सुतक ठेवा बाजूला! पोटुशी लेक उपाशी मारता का?"

नागोजीनं चूल पेटवली. ड्रोन मागं फिरलं आणि दाराशी येऊन थांबलं.

"घरात माणसं किती?" त्यानं विचारलं.

"तीन," नागोजी सवयीनं बोलून गेला.

"मला दोनच दिसतात. तिसरं हरवलंय का? शोधायला जाऊ?"

हो म्हणावं, असं नागोजीला फार वाटलं.

"नको," तो म्हणाला. "दोघांचंच दे."