खोलीत आणखी कोण होतं

"लॅपटॉप उचला आणि खोली सावकाश फिरवून दाखवा," परीक्षेवर नजर ठेवणारी मुलगी पडद्यावरून म्हणाली.

पेपर द्यायला बसलेल्या तिनं खोली दाखवली. पुस्तकांचं कपाट, बंद खिडकी, कॉट, कॉटशेजारी वेताची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर तपकिरी स्वेटर.

"खुर्चीवर कोणी येऊन बसणार नाही ना, मॅडम?"

"सांगून ठेवलंय."

"मग खालच्या चौकोनात खूण करा. 'मी या खोलीत एकटी आहे.' त्याशिवाय पेपर उघडत नाही."

तिचा हात माउसवर थांबला. मुलीनं दोनदा आठवण करून दिली. मग खूण झाली आणि पेपर उघडला.

हा अकरावा कोर्स. तीस वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाला सुटलेली पदवी विद्यापीठ आता तुकड्यातुकड्यांनी पुरी करू देत होतं. आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, शेवटी घरूनच कॅमेऱ्यासमोर परीक्षा, पास झालं की दोन क्रेडिटं. बावीस हवी होती, वीस झाली होती. संख्याशास्त्र तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आकड्यांशी तिचं कधी जमलं नाही. आकडे हा नवऱ्याचा प्रांत. जमीन मोजणीत त्यानं सगळी नोकरी केलेली.

शाळेत मुलं तिला लायब्ररीबाई म्हणत. दिवसभर तिचं काम म्हणजे 'हळू बोला' एवढं दोन शब्दांचं. एकोणीस वर्षं ती तात्पुरतीच होती. मुख्याध्यापिकांनी आडपडदा ठेवला नव्हता. "जागा निघालीय. तीस तारखेपर्यंत पदवीचा कागद आणा आणि कायमच्या व्हा. नाहीतर बाहेरून कोणीतरी येईल, मग तुम्हाला ठेवणं माझ्या हातात नाही."

पेपर संपताच पडद्यावर गुण दिसले, पन्नासपैकी एक्केचाळीस. चौथ्या दिवशी मेल आला.

*निकाल राखून ठेवला आहे. कारण: परीक्षार्थीचं दुसऱ्या व्यक्तीशी बोलणं.*

*मिनिट ६: "अहो, हे तुम्हाला येणार. पण सांगू नका हं."*

*मिनिट १९: "हसा, हसा. तुमचं काय जातंय."*

*मिनिट ३१, प्रश्न १४: "मध्यक म्हणजे मधला, सरासरी नव्हे. असंच ना? हो, म्हणजे क."*

*मिनिट ५८: "झालं बाई एकदाचं. तुमचं आपलं बसल्या जागी बरं आहे."*

*नजर: खुर्चीच्या दिशेनं, चौतीस वेळा.*

*दुसऱ्या व्यक्तीचा आवाज: नोंदला गेला नाही. हळू बोलली असावी.*

शेवटची ओळ वाचून तिला हसू फुटलं. लग्न झाल्यापासून त्या माणसाला ती हेच सांगत आली होती, जरा हळू बोला.

खाली उत्तराचा फॉर्म होता. मुदत आठ दिवस.

*पर्याय अ: खोलीत कोणी नव्हतं. पुरावा जोडा.*

*पर्याय ब: खोलीत व्यक्ती होती. नाव आणि नातं लिहा. कोर्स रद्द, दोन वर्षं परीक्षाबंदी.*

मुदतीच्या सातव्या दिवशी फोन वाजला. परीक्षेवरची मुलगी होती.

"खरं तर मी असा फोन करायचा नसतो."

"मग कशाला केलास?"

"उद्या मुदत संपतेय आणि तुमचं उत्तर नाही. माझी आईसुद्धा असाच एक कोर्स करतेय. आमचे बाबा सारखे मधे लुडबुडतात."

"त्यांना बाहेर काढून कडी घालायला सांग."

मुलगी हसली. मॅडमची आता काकू झाली. "काकू, खरं सांगा, काकांनी उत्तरं सांगितली?"

"एक. चौदाव्याचं."

"हे मी ऐकलं नाही. हे बघा, समितीला तुमचं वाईट करायचं नाहीये. काका तेव्हा तिथे नव्हते एवढा एक कागद जोडा. प्रवासाचं तिकीट, दवाखान्यात असल्याची चिठ्ठी, काहीही. निकाल लगेच सुटेल."

"शिक्का असला की पुरे?"

"पुरे. आहे का तसं काही?"

"आहे."

"मग अडलंय कुठे? काकांना द्या फोन, मी समजावते."

"ते फोनवर येत नाहीत."

"चिडलेत का? त्यांच्यामुळे हे सगळं झालं म्हणून?"

"छे, चिडणं त्यांना जमतच नाही," ती म्हणाली. आणि मग सांगतच बसली. चालताना पावलं मोजायची त्याची खोड. घरापासून शाळेपर्यंत एक हजार दोनशे चाळीस, तिची मात्र नेहमी जास्त भरायची, म्हणून तो तिला सवलत द्यायचा. भाजीवालीशी दशांशात घातलेले वाद. मुलगी मधूनमधून हसत होती, पुढे काय झालं विचारत होती. असं कोणी एवढ्यात विचारलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा कान तापला होता.

"उद्या तेवढा कागद जोडा हं काकू," मुलीनं शेवटी बजावलं. "आणि काकांना नमस्कार सांगा."

"सांगते."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिनं कपाटातून कागद काढला. फोनवर फोटो घेतला. शिक्का नीट दिसतो का, ते मोठा करून पाहिलं. दिसत होता. फॉर्म उघडला आणि दोन्ही पर्याय पुन्हा एकदा वाचले.

मग ब वर खूण केली. नवऱ्याचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट लिहिलं. नातं: पती. खुलाशाच्या चौकटीत लिहिलं, 'चौदाव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सांगितलं. बाकीची माझी आहेत.'

*उत्तर मिळालं. कोर्स रद्द करण्यात आला आहे.*

तिनं फोनमधला फोटो पुसून टाकला, आणि नवऱ्याच्या मृत्यूचा चार वर्षांपूर्वीचा दाखला जुन्याच घड्यांवर दुमडून परत कपाटात ठेवला.