हरकत असल्यास

"मुलीची आई हजर आहे का?" शिपायाने पुकारलं, आणि दारातून ती खरंच आत आली.

आजी बाकावरून अर्ध्या उठल्या. गोळ्यांच्या नशेपायी दोन वर्षांची पोर टाकून गेलेली लेक पाच वर्षांनी समोर उभी होती. नोटीस मिळून ती येईल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नातीच्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशनच्या कागदावर कायदेशीर पालकाची सही हवी होती आणि दवाखान्याच्या लेखी आजी-आजोबा कुणीच नव्हते. म्हणून तर कोर्टाची पायरी चढावी लागली.

"पोरीला न्यायलाच आली ही," आजी पुटपुटल्या. आजोबांचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेलेला, पण या पेचाची किल्ली त्यांच्याकडेही नव्हती.

लेक बाकापाशी येऊन थांबली. नातीने तिच्याकडे पाहिलं आणि आजोबांना कोपराने ढोसलं.

"मावशी, बसा ना. आमचे आजोबा फार पसरून बसतात."

लेक बसली. नात आजोबांच्या कानाच्या पाळीशी चाळा करत होती. घाबरली की ती तेच करायची. लेक एकटक तेवढंच बघत राहिली.

"आई म्हणून पहिला हक्क तुमचा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "या दोघांना पालक नेमायला तुमची हरकत आहे?"

आजींनी डोळे मिटले.

"हक्क माझा आहे, मॅडम. म्हणूनच सांगते, हरकत नाही."

सही करून ती बाहेर पडली. जबाबदारीतून सुटली एकदाची! आजींचा संताप अनावर झाला. त्या मागोमाग गेल्या.

"एवढंच करायचं होतं, तर यायचं तरी कशाला?"

तेवढ्यात जिन्यावरून एक वकीलबाई धापा टाकत लेकीपाशी आल्या.

"अहो, तुम्ही इथे? मी वर शोधतेय! मुलीच्या ताब्याचा तुमचा अर्ज तयार आहे. व्यसनमुक्ती केंद्राचा दाखला, नोकरीचं पत्र, खोलीचा करार, सगळं जोडलंय. फक्त तुमची सही राहिलीय."

आजी लेकीकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं तिने कागदामागून कागद जमवला होता. त्यांनी नुसता तिचा हात धरला.

लेकीने नकारार्थी मान हलवली.

"माझी सही झाली, वकीलबाई. आत."