यमाला फसवणारं नाव

नातीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्यापुढे सरकवला. “आबा, ‘हुसेनराव धुमाळ’ वाचून आमचे पाहुणे भलतंच समजतील. ‘हेमंतराव’ छापू, नाहीतर सोयरीक मोडू.”

नातीचा चेहरा उतरला. मी सुपारी कातरत राहिलो.

“पाव्हणं, माझी सात भावंडं तान्ही गेली. मी आठवा. आईनं पिराला नवस बोलून हुसेन नाव ठेवलं. यम रेड्यावरून दारात आला, नाव ऐकून म्हणाला, ‘हे आपल्यातलं घर नव्हे,’ आणि माघारी गेला. तुमच्या पाहुण्यांसारखाच फसला! आता हेमंतराव छापलंत, तर मला शोधत मांडवात येईल. सुतकात लग्न लावाल?”

“मोठ्या अक्षरात हुसेनराव छापा,” नात म्हणाली. “पटत नसेल त्यांनी उठावं.”

कुणी उठलं नाही. सासऱ्यांनी सुपारीसाठी हात पुढे केला.